सुपडाबाई गप्प झाली ती आखाजी

आता जे सांगतो त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलाच तर मला त्या माणसाची काळजी वाटेल. धुळ्यात पांझरेच्या पात्रात सलग अकरा आखाज्या जिच्यापुढे एकही बाई टिकली नाही, त्या सुपडाबाईला मी गप्प केलं. मी, सुकदेव बारी. आणि तेही लुगडं नेसून.

"लुगडं नेसून?" नातसुनेच्या हातातला आंबा हातातच राहिला. "का पण, आप्पा?"

मृदुला पुण्याची. लग्नानंतरची तिची ही आमच्या घरातली पहिली आखाजी. तुम्ही ज्याला अक्षय्य तृतीया म्हणता ती आमची खानदेशातली आखाजी. ओट्यावर बसून ती रसासाठी आंबे पिळत होती. आत माझी बायको द्रुपता सांजोऱ्या तळत होती. आणि कोपऱ्यातल्या बाजेवर, कुरडईचा तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत, अठ्ठ्याऐंशी वर्षांची माझी सासू बसली होती. मुलगे सुरतेला गेले, तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. सगळे तिला मोठी माय म्हणतात. तिचं नाव सुपडाबाई. हो, तीच.

दर आखाजीला ही गोष्ट मी तिच्या समोरच सांगतो. ती हसत नाही, अडवत नाही. तिचं गप्प बसणं ही संमती आहे, असं मी अठ्ठेचाळीस वर्षं धरून चाललो होतो.

"लुगडं पुढे येतंच आहे," मी म्हणालो. "आधी नदी."

उन्हाळ्यात पांझरा म्हणजे वाळूच वाळू आणि मध्ये पाण्याची एक वेणी, घोट्याएवढी. आखाजीला दुपारी मुली गौराई बोळवायला पात्रात येतात. काठावर पाळणे, गोळेवाले, बांगड्यांची दुकानं, सगळी जत्रा. गौराई पाण्यात गेली की पुरुषांनी तिथून निघायचं. मग आमच्या काठावरच्या बाया इकडे, पलीकडच्या तिकडे, मध्ये ती पाण्याची वेणी, आणि सुरू.

"काय सुरू?"

"शिव्या."

"शिव्या म्हणजे, खऱ्या?"

"खोट्या शिव्या कशा असतात ते मला माहीत नाही बाई. पण नियम होते. मेलेल्या माणसाला मध्ये आणायचं नाही. नवऱ्याच्या जिवावर बोलायचं नाही. लेकराबाळांना शाप द्यायचा नाही. बाकी सगळं मोकळं. आणि नदीवरचं नदीवर. घरी न्यायचं नाही."

प्रत्येक काठाची एक म्होरकी असायची. आमच्या काठाची माझी फुई, म्हणजे माझी आत्या, केवळबाई. तिने मला लहानाचा मोठा केला, आणि तिच्या पिठाच्या गिरणीत मी काम करायचो. पलीकडची सुपडाबाई. तिचं तोंड असं, की पहिल्या शिवीला बाभळीवरच्या घारी उडायच्या. एका घारीने तर कान झाकलेले मी स्वतः पाहिलेत.

"घार कान कशाने झाकेल, आप्पा?"

"पंखांनी. म्हणून तर खाली पडली."

तर सुपडाबाईला एक मुलगी होती. तिच्या काठावर दोन गिरण्या असताना ती नदी ओलांडून आमच्या गिरणीत दळण आणायची. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग घरात दळण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा आधीच दळलेलं पीठ घेऊन आली. मी ते पुन्हा दळलं. पैसे घेतले नाहीत. बोललोही नाही. मला तेव्हा बोलायला फार वेळ लागायचा. शब्द असायचे, पण ते गळ्यापर्यंत येऊन रांगेत उभे राहायचे, आणि पुढचा हलायचाच नाही.

हे फुईच्या लक्षात आलं. ती मला घेऊन सुपडाबाईकडे मागणी घालायला गेली.

सुपडाबाईने मला समोर बसवलं. "काय करतोस रे?"

मी तोंड उघडलं. थोडा वेळ उघडं ठेवलं. मग मिटलं.

"ह्याला बोलता येतं का?"

"येतं की," फुई म्हणाली. "जरा वेळ लागतो."

"तेवढ्यात माझी पोर म्हातारी होईल." सुपडाबाईने सुपारी कातरत मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "केवळे, नंदुरबारचं स्थळ आलंय. जिनिंगमध्ये मुकादम आहे. बोलला की शंभर माणसं हलतात. आखाजीच्या तिसऱ्या दिवशी सुपारी फुटणार. हे मुकं जनावर घेऊन जा परत."

मधल्या दाराखालच्या फटीतून पायाचा एक अंगठा दिसत होता. तो अंगठा बराच अस्वस्थ होता.

फुई उठली. "ह्याला तोंड नसेल सुपडे, ह्याच्या घराला आहे."

"असं? मग ये आखाजीला नदीवर. मला गप्प करून दाखव. केलंस तर नंदुरबारला नारळ परत, आणि पोर तुझ्या घरात. नाही केलंस तर पुन्हा माझ्या दाराशी यायचं नाही. तूही नाही आणि हा तर नाहीच."

दाराआडचा अंगठा आत गेला.

आखाजीला आठ दिवस होते. फुईने तालीम सुरू केली, आणि इथेच आमच्या घराण्याने मोठी चूक केली. फुईचा हिशेब असा, की गिरणी चालू असताना आपला आवाज रस्त्यापर्यंत गेला, तर नदीपलीकडे जाईलच. म्हणून ती रोज सकाळ-संध्याकाळ, डिझेलचं इंजिन धडधडत असताना त्याच्यासमोर उभी राहून शिव्या द्यायची. इंजिनाला! "अगं ए चोरटे! अगं ए रिकाम्या पोत्याचे!" दळण घेऊन आलेल्या बाया टोपल्या खाली ठेवून ऐकत बसायच्या. सहाव्या दिवशी इंजिन बंद पडलं. मिस्त्री म्हणाला नळी चोंदली आहे. मला वाटतं, मनाला लावून घेतलं त्याने.

आणि आखाजीच्या सकाळी फुईने मला उठवायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली. सायकलच्या ट्यूबमधून येते तशी.

हळदीचं दूध झालं. ज्येष्ठमध झाला. तुरटीच्या गुळण्या झाल्या. एका भगताने येऊन गळ्यावर फुंकर घातली, त्याला तिने मनातून शिवी दिली हे त्यालाही कळलं, पण आवाज नाही. सूर्य वर चढत होता. फुई ओट्यावर बसली आणि रडायला लागली. आवाजाशिवाय रडणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पुढच्या क्षणी तिने डोळे पुसले, आत गेली, स्वतःचं हिरवं नऊवारी आणून माझ्या पुढ्यात टाकलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"फुई, मला तर साधं..."

तिने दुसरं बोट माझ्या मिशीकडे दाखवलं.

"मिशी काढली?" मृदुला ओरडली.

"काढली. ती पुढे दोन वर्षं रुसून आली नाही."

पात्रात पुरुष दिसला तर बाया दगड मारायच्या, आणि नेम आमच्या बायांचा पूर्वापार चांगला. म्हणून शेजारणींना आधी विश्वासात घेतलं. त्यांनी मला नेसवलं, चोळीत कापूस भरला, आणि पदर हनुवटीपर्यंत ओढला. पलीकडे निरोप धाडला, की केवळबाईचे डोळे आलेत, ऊन सोसत नाही, ती पदराआडून बोलणार आहे. सगळ्यांनी मला मध्ये घेतलं आणि आम्ही पात्रात उतरलो. वाळू इतकी तापलेली, की मी बाईसारखा चालत होतो की भाजल्यासारखा, कोणाला कळत नव्हतं.

"आणि आजी कुठे होत्या तेव्हा?" मृदुलाने स्वयंपाकघराकडे पाहत विचारलं.

"तिच्या काठावर, गौराईवाल्या पोरींत. आणखी कुठे असणार?"

आत कढईतला झारा क्षणभर थांबल्यासारखा वाटला. मग पुन्हा सुरू झाला.

गौराई पाण्यात गेली. पुरुष हटले. पलीकडे सुपडाबाई पुढे आली, पदर कमरेला खोचला, आणि सुरू झाली.

"केवळे! तुझ्या गिरणीचं पीठ एवढं जाडं, की भाकरी थापली तर शेजारीण विचारते, गोवऱ्या कधीपासून लावायला लागलीस!"

पलीकडच्या काठावर हशा.

"केवळे! तुझ्याकडचा पाहुणा दोन दिवस राहिला की त्याची सावलीसुद्धा बारीक होते! परवा तुझ्या घरातून उंदीर निघाले, ते रेशनच्या रांगेत उभे राहिले!"

आमच्या बायासुद्धा हसल्या. हसणं बरोबरच होतं, शिवी चांगली होती. खरं सांगतो, पाणी घटकाभर उलटं वाहिलं. ते मी एकट्याने नाही, पात्रातल्या म्हशींनीही पाहिलं.

"आणि तो भाचा! तो मुका! अगं, त्याला देवाने तोंड दिलं ते भाकरी आत जायला! बाहेर काही येण्याची सोयच नाही! त्याला माझी पोर पाहिजे? पोपट पाळ म्हणावं, निदान घरात कोणी बोलेल!"

आता उत्तर द्यायचं होतं. पाचशे बाया माझ्या पदराकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी नंदुरबारची सुपारी फुटणार होती. माझ्या गळ्यात शब्दांची रांग लागलेली. आणि मग, कसं झालं कोण जाणे, पदराआडून असा एक आवाज निघाला, की मीच दचकलो. बारीक, धारदार, थेट बाईचा.

"बाईचा?"

"भीतीने होतं तसं. गळा आवळतो ना."

तो आवाज म्हणाला, "सुपडे! मोठी शहाणी! तुपाची बरणी तांदळाच्या डब्यात पुरतेस, आणि वरून तांदळावर बोटाने रेघ ओढून ठेवतेस, नवऱ्याने हात घातला का बघायला! आणि ती रेघ रोज तुझ्याच बोटाने मोडते!"

पलीकडे कोणीतरी फिसकन हसलं. सुपडाबाईने मागे वळून पाहिलं. हसणं थांबलं.

"केवळे, तुला माझ्या घरातलं..."

"सुपडे! मांजर पाळलंस म्हणून मिरवतेस, आणि त्याला दुधात इतकं पाणी घालतेस, की मांजर दूध पीत नाही, त्यात तोंड बघतं! ते शेजारी ताकावर जगतंय, ते तुला माहीत आहे का?"

आता दोन्ही काठ हसत होते. घारी परत आल्या.

"सुपडे! पोरीला बघायला पाहुणे आले, की पोहे करतेस तू, आणि सांगतेस पोरीने केले! पोरीने केले असते तर पाहुणे पांझरा पोहून पळाले असते, भर उन्हाळ्यात, पाणी नसताना!"

"आप्पा," मृदुला हसता हसता म्हणाली, "आजींच्या पोह्यांना का मध्ये आणलंत?"

"रणात कोणाचं भान राहतं?"

सुपडाबाई हटली नाही. तिने तीन शिव्या परत दिल्या, एकेक अशी, की आमच्या पहिल्या रांगेतल्या बाया दोन पावलं मागे सरकल्या. पाय घोट्यापर्यंत पाण्यात घालून ती पुढे आली. मला वाटलं, संपलं. आता ही पदर ओढणार, आणि पाचशे बाया वाळूतले गोटे उचलणार.

दर वर्षी इथे मी एका म्हशीवरची लांबलचक शिवी सांगतो. पोरंटोरं खूष होतात. पण त्या दिवशी नातसून पहिल्यांदाच ऐकत होती, आंबे पिळायचे सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि भरात मी म्हशीकडे वळायचं विसरलो.

"आणि मग शेवटची शिवी," मी म्हणालो. "तो आवाज जरा खाली आला. म्हणाला, सुपडे, दुपारी सगळे झोपले की तू खोलीची कडी लावतेस. पोरीच्या रुखवतासाठी घेतलेली भांडी पेटीतून काढतेस. एकेक पुसतेस. कळशी मांडीवर घेऊन बसतेस, आणि तोंडात पदर कोंबून रडतेस. मग भांडी भरून ठेवतेस, बाहेर येतेस, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतेस, ही धोंड एकदाची कधी जाते!"

मृदुला हसायची थांबली.

"ही शिवी आहे?"

"नव्हतीच. पण सुपडाबाईने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मी तिच्या घरी ठेवलं होतं तसं. दोन्ही काठ थांबले. गोळेवाल्याने बर्फ किसायचा थांबवला. ती खाली वाकली, एक गोटा उचलला. आमच्या सगळ्या बाया वाकल्या, मी तर वाळूत आडवाच झालो. तिने तो गोटा हातात एकदा फिरवला, पाण्यात टाकला, आणि वळून आपल्या बायांना म्हणाली, 'नंदुरबारला नारळ परत पाठवा.' नवव्या दिवशी आमचं लग्न. तर अशी मी सुपडाबाई जिंकली."

मृदुलाने आंब्यांचं पातेलं बाजूला सारलं. मग हात पुसून बाजेकडे वळली. एवढ्या वर्षांत हे कोणीच केलं नव्हतं.

"मोठी माय, खरं का हो हे?"

म्हातारीने कुरडई गालात सरकवली.

"खोटं," ती म्हणाली.

मी हसलो. "अहो मामी, घारीचं जरा वाढवलं असेल मी..."

"घार पडली असेल. मी घारीकडे बघत नव्हते. लुगडंही खरं, याचा कासोटा सुटत होता तेव्हापासून मी बघत होते. पण याच्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. पदर थरथरत होता नुसता."

"मामी, तुम्हाला इतक्या लांबून..."

"मी कडी लावायचे ती आतून," म्हातारी म्हणाली. "पोर भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची. म्हणजे मला वाटायचं, झोपलीय. बाकी त्या खोलीत कोणी नसायचं. तू कुठे होतास रे, पेटीत?"

आतला झारा थांबला. या वेळी पुन्हा सुरू झाला नाही. द्रुपता दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ. सहासष्ट वर्षांची बाई, पण उभी अशी, की जणू आत्ताच कोणाच्या मागे वाकून बसली होती आणि कोणीतरी समोरचा माणूस बाजूला केला.

आम्हा दोघांखेरीज हे आता कोणाला माहीत नव्हतं. शेजारणी होत्या, त्या एकेक करून गेल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने मला गिरणीच्या मागे गाठून सांगितलं होतं, मायला कळलं की तिच्या तोंडावर मी बोलले, तर ती मरून जाईल. तुम्हीच बोललात म्हणून सांगा. आयुष्यभर सांगा. मी ते सांगत गेलो, आणि सांगता सांगता बोलायला शिकलो.

"तुला झाकायचं म्हणून हा ही गोष्ट सांगतो, असं वाटायचं मला," म्हातारी मुलीकडे न बघता म्हणाली. "बरं वाटायचं. अलीकडे मात्र शंका यायला लागली, याला स्वतःलाच खरं वाटतंय."

"माय," द्रुपताच्या तोंडून कसंबसं निघालं. "तुला माहीत होतं?"

"पोटच्या पोरीचा आवाज, आणि मध्ये घोटाभर पाणी. तुपाच्या बरणीलाच ओळखला. माझ्या काठावर तुला शोधत होते मी, आणि तू त्या ध्यानाच्या मागे."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"म्हटलं बघू, कुठवर जाते."

आत तेलात सांजोऱ्या करपायला लागल्याचा वास आला, तरी कोणी हललं नाही. द्रुपता बाजेपाशी आली, खाली बसली आणि पिठाचे हात तसेच आईच्या गुडघ्यावर ठेवले.

"माय, मी शेवटचं ते बोलायला नको होतं. तुला उत्तरच सुचलं नाही त्याच्यावर. सगळ्या शहरासमोर तुला गप्प केलं मी."

"तू?" म्हातारी पहिल्यांदा हसली. तोंडात एकही दात नव्हता, तरी त्या हसण्यासमोर मी नकळत दोन पावलं मागे सरकलो. "तू गप्प केलंस मला? अगं वेडे, उत्तर होतं माझ्याकडे. एक नाही, सात होती. दिलं असतं तर मी जिंकले नसते का?"